राखणीचा वाटा

ज्ञानेश्वरीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातून नुकती घरी आले होते. हात साबणाचे होते म्हणून कोपरानंच फोन स्पीकरवर टाकला. तिथंच चुकले, कारण आई शेजारी बसून लसूण सोलत होती.

“मंजू! अगं, ज्ञाना बोलतेय. ओळखलंस का?”

ओळखलं. तेवीस वर्षं झाली होती, पण टाचेत मोडलेला काटा थंडी पडली की ठणकतो, तसा हा आवाज माझ्यात कुठंतरी होताच.

“आमचं रेस्टॉरंट आहे ना जालना रोडला, माझ्या नवऱ्यानं, ऋतुराजनं, आणि मी काढलंय. पुढच्या रविवारी दुपारी एक खास जेवण ठेवतोय. जुने पदार्थ. मुंडी, वजडी, रक्ती, पाया, लोक विसरत चाललेत ते सगळे. आणि मला एकदम तुझी आठवण आली! तुझी आई ते जिभेचं सुकं पाठवायची ना होस्टेलवर? किती हसायचो गं आपण! त्याची रेसिपी दे ना मला.”

आपण म्हणाली ती. जशी काही मीही हसणाऱ्यांत होते.

आईनं पाकळी हातात तशीच धरून मान वर केली. “ही ती ज्ञाना व्हय गं? जिला लई आवडायची?”

ते तिकडं ऐकू गेलं. “मावशी का? मावशी, तुम्ही यायचंच हं! सगळ्यांसमोर तुमचा सत्कार करायचाय.”

आई लाजली. सत्तरी ओलांडलेली माझी आई, आवडाबाई, पदर तोंडाशी धरून नव्या नवरीसारखी लाजली. मी नळ बंद केला आणि म्हटलं, “लिहून पाठवते. सगळं नीट लिहून पाठवते.”

आमचं गाव फर्दापूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. आप्पा, म्हणजे माझे वडील, मजुरीला जायचे आणि शेळ्यांमागं आई. सकाळी तांबडं फुटायला निघायची ते दिवेलागणीला यायची. उन्हानं तिचं तोंड रापून तव्यासारखं झालं होतं, पण आवाज असा की माळावरचा वाराही थांबून ऐकावा. चालता चालता ओव्या रचायची, आणि घर जवळ आलं की हटकून ही म्हणायची:

दिस डोंगराच्या आड, शेळ्या लागल्या वाटंला
राखणीचा घास माझा, ठेवा झाकून ताटाला

राखणीचा घास म्हणजे जीभ. आमच्यात बोकड कापला की वाटे ठरलेले असतात. काळीज घरातल्या थोरल्याचं, पाया बाळंतिणीचा, फरे, म्हणजे मांड्या, पाहुण्यांचे. आणि जीभ ज्यानं ते जनावर राखलं त्याची. कंदुरीच्या जेवणाला पन्नास माणूस जेवून जावो, रस्सा पुरो न पुरो, त्या घासाला कुणी हात लावायचा नाही.

आई त्या दिवशी बोकडाचं बाकी काही खायची नाही. हातानं वाढवलेलं जनावर, घशाखाली उतरायचं नाही तिच्या. जीभ मात्र खायची. भिंतीकडं तोंड करून, सावकाश, एकटी. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाली, “ह्या जिभेनं माझा हात चाटलाय, मंजे. ती दुसऱ्याच्या तोंडात कशी द्यायची?”

आणि मी अकरावीला शहरात होस्टेलवर आले तेव्हापासून तो घास तिनं मला पाठवायला सुरुवात केली. पहाटे कापलेल्या बोकडाची जीभ, सुकं करून, डब्यात घालून, डबा फडक्यात बांधून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं. कंडक्टरलाही तिनं ओवी ऐकवली होती म्हणे:

येष्टीच्या रं दादा, डबा सांभाळून न्यावा
माझ्या मानाचा गं घास, लेकीच्या हाती द्यावा

दोन वर्षांत असे सात डबे आले.

पहिला डबा मी मेसमध्ये उघडला. भूक लागली होती आणि घरचा वास नाकात शिरला होता, मागचापुढचा विचार केला नाही. ज्ञानेश्वरी समोर बसली होती. वैजापूरकडची, चाळीस एकर रान, खोलीत सगळ्यांत मोठी ट्रंक तिची. तिनं चमच्यानं एक फोड उचलली, उजेडात धरली. “हे काय गं?” मी सांगितलं. खरं सांगितलं. मला वाटलं, मान कळल्यावर तीही हरखेल.

तिनं चमचा उंच धरला. “अगं बाई! आमच्याकडं मुंडी सालगड्याला देऊन टाकतात. त्यातली जीभ ही खाते! म्हणजे हिनं बकऱ्याचा मुकाच घेतला की!”

सगळी मेस हसली. रेक्टरबाईसुद्धा हसल्या, आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या की ह्या डब्याचं ताट बाहेरच्या नळावर घासत जा. त्या दिवसापासून मी बाहेर नळापाशीच बसून जेवले. जेवणाच्या घंटेला ज्ञानेश्वरी दारातून ओरडायची, “मंजे, ब्यॅऽऽ!” आणि तीस मुली तिच्यामागं. दोन वर्षं. बारावीच्या शेवटच्या पेपराच्या दिवशीही.

आईला मी पत्रात लिहिलं, डबा मिळाला, मैत्रिणींनी बोटं चाटून खाल्लं, ज्ञाना नावाची मुलगी आहे तिला तर फारच आवडलं. आणि काय लिहिणार होते? गावात पत्र वाचून दाखवणाऱ्यासमोर आई बसणार, माझं अक्षर बघून तिचं तोंड फुलणार. म्हणून खोटं लिहिलं, आणि खोट्याच्या पाठोपाठ दुसरा डबा आला, मग तिसरा.

आता मी नर्स आहे. कुठल्या पेशंटला काय, किती, कधी, हे तीनदा तपासते. वीस वर्षांत माझ्या हातून एक गोळी इकडची तिकडं झालेली नाही. ज्ञानेश्वरीची रेसिपीही मी तशीच लिहायला घेतली. हर्सूलच्या आमच्या दोन खोल्यांत आई ओट्यापाशी गुणगुणत होती आणि मी मोबाइलवर टाइप करत होते. मुंडी कशी भाजायची. जीभ मुळापासून कशी कापायची. मीठ-हळदीच्या पाण्यात किती शिजवायची. कांदा, खोबरं, तीळ कसे खरपूस करायचे, काळं तिखट कधी टाकायचं, झाकणावर पाणी ठेवून वाफ कशी द्यायची. सगळं बरोबर. पोहे खायच्या चमच्याचं मापसुद्धा.

फक्त एक ओळ लिहिली नाही.

जिभेवर पांढरं, खरबरीत साल असतं, कानशीसारखं. शिजलेली जीभ पाण्यातून काढली की गरम आहे तोवरच ते सुटतं. बोटं भाजतात, पण फुंकर मारत मारत टोकाकडून सोलत यायचं, पायमोजा उतरवावा तसं. गार झाली की साल घट्ट धरून बसतं. ते निघालं की आतून मऊ, गुलाबी मांस येतं, त्यात मसाला असा शिरतो की दात नसलेल्यालाही खाता यावं. आणि सालासकट शिजवलं तर तो घास तोंडात पोत्याच्या तुकड्यासारखा फिरत राहतो, गिळताही येत नाही न् थुंकताही. आमच्याकडं सात वर्षांची पोर हे जाणते.

‘शिजली की’ लिहून मी थांबले. मग लिहिलं, ‘शिजली की फोडी करून मसाल्यात परतावी.’ पाठवून दिलं. आणि खरं सांगते, त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मनात चित्र रंगवत राहिले. चाळीस मोठी माणसं एकदम चावायची थांबतील. एकमेकांकडं बघतील. ज्ञानेश्वरी एका टेबलावरून दुसऱ्याकडं पळेल, तोंडाला फेस येईल तिच्या, आणि मी कोपऱ्यात बसून हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणेन, ब्यॅ.

आईला नेणार नव्हते. पण तिनं ऐकलं नाही. शुक्रवारी शेजारच्या सायलीला घेऊन ती परस्पर गुलमंडीच्या बाजारात गेली आणि ज्ञानासाठी खण घेऊन आली. मोरपिशी, रुंद काठाचा. “माझ्या पोरीसंग खाल्लंय तिनं,” म्हणाली. “रिकाम्या हातानं कशी जाऊ?”

रविवारी रेस्टॉरंटच्या दारात झेंडूच्या माळा होत्या आणि एक मोठा फळा. त्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं: ‘आजचा मान: आवडाबाईंचं जिभेचं सुकं.’

हे मी धरलंच नव्हतं. जिचा पाणउतारा व्हायचा तिचं नाव फळ्यावर कुठंच नव्हतं, माझ्या आईचं होतं.

ज्ञानेश्वरी धावत आली. अंगानं भरली होती, केस सोनेरी केले होते, पण हसताना ओठ तसाच एका बाजूला जायचा. आईच्या पाया पडली. आईनं तिच्या ओटीत खण घातला, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. “लई मोठी झालीस, बाय.”

“मावशी, तुमच्या रेसिपीतलं एक अक्षरसुद्धा बदललं नाही हं! आमचा आचारी विचारत होता, मॅडम, वरचं काढायचं का? मी म्हटलं, मंजूनं लिहिलंय तेवढंच कर. मला अस्सल पाहिजे.”

“वरचं?” आईनं विचारलं.

“बसू या आपण,” मी म्हटलं आणि तिला दंडाला धरून टेबलाशी नेलं.

ताटं आली. शेजारच्या टेबलावर एक डॉक्टर होते, त्यांनी फोड तोंडात टाकली. चावली. चावत राहिले. भुवया चढल्या. आता, मी म्हटलं मनात, आता.

“वा!” डॉक्टर म्हणाले. “काय टेक्स्चर आहे! याला म्हणतात गावरान!”

“चावावं लागतं,” त्यांची बायको म्हणाली, पाण्याचा घोट घेत. “पण तीच तर मजा आहे. आधीच्या लोकांचे दात केवढे मजबूत असतील!”

पलीकडं दोन पोरं मोबाइलसमोर फोड धरून सांगत होती की हा खडबडीतपणाच ह्या पदार्थाची ओळख आहे. सगळे चावत होते. सगळे माना डोलावत होते. ज्यांना खरी चव ठाऊक नाही त्यांना खोटी कशी कळणार? तेवीस वर्षांच्या रागातून रचलेला माझा डाव त्या हॉलमध्ये कौतुक होऊन फिरत होता.

आईनं पहिली फोड तोंडात घातली. दोनदा जबडा हलला आणि थांबला. तिनं फोड हातावर काढली, चष्मा पुसला, नखानं साल उचकटून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

“साल काढलं नाय.”

“हं.”

“तू सांगितलं नाय हिला?”

“विसरले.”

“तू? सात वर्साची असल्यापून सोलतीस तू. इसरली?” तिचा आवाज चढला नाही, पण नजर हलेना. “काय केलंस मंजे? न् का केलंस?”

तेवढ्यात माइक घेऊन ज्ञानेश्वरी आमच्या टेबलापाशी आली.

“मंडळी, ह्या आवडाबाई! आज तुम्ही जे खाताय ते ह्यांचं आहे.” टाळ्या. “मावशी, दोन शब्द बोला ना.”

आईनं माइक कधी धरला नव्हता. दोन्ही हातांनी धरला. “मी काय बोलू,” म्हणाली. “ह्या ज्ञानाला माझ्या हातची जीभ लई आवडायची. म्हणून मी धाडायची. एवढंच.”

ज्ञानेश्वरी खळखळून हसली. माइक आपल्याकडं ओढत म्हणाली, “अहो मावशी, मंजूनं तुम्हाला असं सांगितलं? आवडायची कुठली! आम्ही तर पळायचो! मी एकदा चमच्यात धरून सगळ्या मेसला दाखवली होती, म्हटलं बघा, मंजी बकऱ्याचा मुका घेते! मग काय, बिचारी दोन वर्षं नळापाशी बसून जेवली. आम्ही बें-बें करायचो. काय वेडेपणा असतो ना त्या वयात! आणि आज बघा, तोच पदार्थ आपण चाळीस लोकांना खाऊ घालतोय!”

लोक हसले. वाईट मनानं नाही, जेवून तृप्त झालेली माणसं हसतात तसं.

आई हसली नाही. तिनं एकेक करून सगळ्यांकडं पाहिलं आणि शेवटी माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत काय सरकत होतं ते मला दिसत होतं. एक एक डबा, एक एक फडकं.

मग ती वळली. “बस बाय,” ज्ञानेश्वरीला म्हणाली. गोड आवाजात. “तू माझ्या हातचं कधी खाल्लंच नाय म्हंजे. बस. आज मी वाढते.”

“अहो नको मावशी, मी... मी फक्त चिकन खाते.”

“चाळीस माणसाला वाढलंस न् तू खात नाय? असं कसं?”

“हो हो, मॅडम, बसा ना!” डॉक्टर म्हणाले. दोन्ही पोरांनी मोबाइल तिच्याकडं फिरवले. ऋतुराज दुरून हातानं खूण करत होता, बस, बस.

ती बसली. आईनं वाढप्याच्या पातेल्यातली सगळ्यांत मोठी फोड निवडली, टोकाकडची, जिथं साल सगळ्यांत राठ असतं ती, आणि आपल्या बोटांनी तिच्या तोंडात घातली. “चाव.”

ती चावू लागली. हसत हसत सुरुवात केली. मग हसू गेलं. मग डोळ्यांत पाणी आलं.

“चाव, बाय. गिळ मातर.”

घास एका गालातून दुसऱ्या गालात जात होता. आई कमरेवर हात ठेवून उभी होती, माळावर चुकार शेळीपुढं उभी राहायची तशी, आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “जिभेवर साल असतंय. ते सोलून टाकून देतेत. कुत्रंबी खात नाय ते. तुमी समद्यांनी आज सालासकट खाल्लंय.”

डॉक्टरांच्या बायकोनं हळूच रुमाल तोंडाला लावला. कुणीतरी खुर्ची मागं सरकवली. एक पोरगा म्हणाला, “शी यार,” आणि मोबाइल चालूच होता. ज्ञानेश्वरीनं घास हातावर थुंकला आणि माझ्यावर ओरडली, “तू लिहिलंच नव्हतंस!”

“नव्हतं लिहिलं.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

तिचा रंग उतरला. तेव्हा तिला सगळं आठवलं असावं, हसण्याशिवायचं. मला फार गोड वाटलं. लपवत नाही. उसाच्या कांडीसारखं चोखून घेतलं मी ते.

आईनं हात पुढं केला. “माझा खण दे.”

ज्ञानेश्वरीनं खुर्चीवरची पिशवी उचलून दिली. आईनं खण काढून घेतला, पिशवी तिथंच ठेवली, आणि आम्ही निघालो.

रिक्षात मी आईचा हात धरला. मला वाटलं आम्ही दोघी जिंकून परत चाललोय. मी म्हटलं, “बरी जिरवलीस तिची.” तिनं हात काढून घेतला.

“माझे सात घास कुठं गेले?”

मी रस्त्याकडं पाहिलं.

“तुला इचारते मी. नळापाशी बसून तरी खाल्लेस का?”

“पहिला खाल्ला,” मी म्हटलं. “बाकीचे... होस्टेलच्या मागं कुत्री यायची.”

घरी आल्यावर तिनं खण ट्रंकेत टाकला, नऊवारी घडी करून ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी माफी मागितली. पायाशी बसून मागितली. ती म्हणाली, “तिनं नाय खाल्लं, तिला ठावं नव्हतं काय हाय ते. तुला ठावं हुतं.”

पुढच्या रविवारी सकाळी तिनं मला उठवलं. “जा. खाटकाकडून जीभ आण.”

आणली. शिजवली. पाण्यातून काढल्याबरोबर तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं. “सोल.” मी जरा गार व्हायची वाट पाहिली तर म्हणाली, “आत्ता.” बोटांना फोड आले, पण साल एकसंध निघालं. सुकं तिनं स्वतः केलं. भाकरी घेऊन माझ्यासमोर बसली, भिंतीकडं तोंड न करता, आणि एक एक फोड सावकाश खाल्ली. घमघमाटानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तिनं कढई भाकरीनं पुसून घेतली. मला विचारलं नाही.

असे रविवार होत राहिले. मी आणायची, सोलायची, ती खायची. इतर दिवशी बोलायची, हसायची, डोक्याला तेल लावून द्यायची. रविवारी दुपारी मात्र तिच्या तोंडावर ती माळावरची बाई यायची, आणि मी तिच्यासमोर कोरडी भाकरी न् चटणी घेऊन बसायची.

परवा सातवा रविवार झाला. तिनं शेवटची फोड तोंडात टाकली तेव्हा मी धीर करून म्हटलं, “आई, सात झाल्या.”

तिनं चावून, गिळून, पाणी पिऊन माझ्याकडं पाहिलं.

“मोजत हुतीस व्हय?” म्हणाली. “ह्या इकतच्या हुत्या. मी राखलेल्या नव्हत्या.” मग ताट माझ्याकडं सरकवून उठली. “पुढल्या रविवारी लवकर जा. आठ वाजल्यावर त्याच्याकडं चांगली राहत नाय.”